दहा वाजताचा नग

न मोजता आकडे लिहिणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती मला कुणी शिकवली नाही. चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीत आहे, तिथं नियम असा, की दर तासाला मशिनवरचे पाच नग उचलायचे, त्यांचं आतलं भोक गेजनं मोजायचं आणि आकडे शीटवर लिहायचे. भोकाला आमच्याकडं बोअर म्हणतात. बोअर २५.०० ते २५.०३ मिलिमीटरच्या आत आलं की माल पास. आता मशिनी चार, तपासणारी बाई एक, आणि वरून साहेबांचा सारखा फोन. मग काय, कधी कधी अख्खं शीट बसल्या जागी भरायचं. त्याला आम्ही ‘घरचे आकडे’ म्हणतो.

नवशिके सगळीकडं २५.०१ लिहितात आणि ऑडिटला मार खातात. मी तसला बावळटपणा कधी केला नाही. मध्येच एखादा २५.०३ टाकायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, इथं हद्दीला टेकलं होतं, बाईंचं लक्ष आहे. एखादा आकडा खोडून शेजारी दुरुस्त करायचा आणि सही ठोकायची. दोन तासांनी पेन बदलायचं. एका ओळीवर तेलकट अंगठा उमटवायचा. ऑडिटर त्या अंगठ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, शपथेवर सांगते. हे मी अभिमानानं सांगत नाहीये. बरं, थोड्या अभिमानानं सांगतेय. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वीच्या एका फर्स्ट शिफ्टला मी सकाळी नऊपासून एकही नग मोजला नाही. का, तर गोष्ट लिहीत बसले होते. कसल्याशा स्पर्धेची शेवटची तारीख होती आणि माझी नायिका रुसून बसली होती. टेबलावर फाइल उघडी, फाइलीच्या आत वही. डोक्यावरच्या पंख्यानं पानं उडायला लागली म्हणून मी दहाच्या सुमाराला मामांच्या मशिनवरून एक नग उचलला आणि वहीवर ठेवला. पुन्हा लिहायला लागले. एक वाजता सगळ्या रिकाम्या ओळी घरच्या आकड्यांनी भरल्या, खाडाखोड, अंगठा, सगळं साग्रसंगीत. दीडला मला मीटिंगला बोलावलं, ते शिफ्ट सुटेपर्यंत. त्यामुळं पुढच्या ओळी कोऱ्या राहिल्या.

मामा म्हणजे त्या मशिनचे ऑपरेटर. मूळचे कुरुळीचे, तिथं गाव होतं आणि कंपन्या नव्हत्या तेव्हापासूनचे. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, साहेबसुद्धा. मामांची एक पद्धत होती. प्रत्येक नग मशिनमधून काढला की ते त्यात एक जाड, मापाची पिन सरकवायचे, डोळे दुसरीकडंच. पिन आत कशी जाते यावरून त्यांना बोअर कळायचं. “गेज तुमच्यासाठी, बाई. आमचा हात हाय की,” असं म्हणायचे. वीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही लॉट गिऱ्हाइकाकडून परत आलेला नव्हता. आणि डबा खाताना माझ्या गोष्टी ऐकणारे ते एकटेच. नाहीतर आमच्या कंपनीत कुणाला पडलीय गोष्टींची?

त्या दिवसाचा लॉट परत आला. बोअर मोठं. आधी मामांना बोलावलं. ते म्हणाले, “सकाळपासनंच पिन ढिली लागत व्हती हाताला. बाई काय बोलंनात म्हून एक वाजेपातुर थांबलो. मग मी मशिनला आकडा उणा करून दिला, कमी काप म्हून.” खरं होतं, लॉगबुकात त्यांनी तसं लिहिलंही होतं. मग साहेबांनी माझं शीट काढलं. एक वाजेपर्यंत सगळं हद्दीत. मग पिन ढिली लागली कशी? म्हणजे, साहेबांच्या मते, माल चांगला होता, मामांनी विनाकारण हात लावला आणि उणेच्या जागी अधिक दाबलं, त्यामुळं पुढं बोअर मोठं झालं. अशी चूक होते, नाही असं नाही. सगळा माल एकाच लोखंडी पेटीत मिसळलेला, सकाळचा कुठला नि दुपारचा कुठला कळायला मार्ग नव्हता. मशिनमधला आकडा पुढच्या शिफ्टनं टूल बदलताना पुसून टाकलेला.

मी तिथंच उभी होते. मामांनी शीट हातात घेतलं. त्या तेलकट अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “बाईंनी मोजलंय म्हंजी बरोबरच आसंल. माझाच हात चुकला आसंल.”

मी शीट त्यांच्या हातातून घेऊन फाइलीत लावून टाकलं.

आठवड्यानं टेबल आवरताना तो वहीवरचा नग सापडला. दहा वाजताचा नग. मोजला. २५.०६. म्हणजे माल सकाळपासूनच वाया जात होता आणि कंपनीत ते एकाच माणसाला कळलं होतं. मी नग ओढणीत गुंडाळून घरी आणला. तोवर मामांना मशिनवरून काढून पॅकिंगला टाकलं होतं. तिथं ते खोके चिकटवायचे, आणि एक खोकं चिकटवून झालं की ते उघडून पुन्हा बघायचे. पाच महिन्यांनी स्वतःच सोडून गेले. आता कुरुळीजवळच एका गोदामाच्या गेटवर बसतात.

सांगायला पाहिजे होतं. कळत होतं मला. पण दिघीत दोन खोल्यांचं भाडं, घरात आई, आणि ही नोकरी मी काय मेहनतीनं मिळवलेली. मग मी काय केलं? गोष्ट लिहिली! म्हटलं, लिहून टाकू म्हणजे छातीवरचं उतरेल. गोष्टीत एक म्हातारा ऑपरेटर, त्याचा हात थरथरतो, तो उलटं चिन्ह दाबतो, सगळा लॉट जातो आणि तो ताठ मानेनं राजीनामा देतो. तपासणारा एक मिशीवाला सज्जन माणूस, त्याला म्हाताऱ्याची कीव येते. गेल्या दिवाळीला एका छोट्या अंकात ती छापून आली. चार लोकांनी फोन करून डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं.

पाचवा फोन मामांचा. “पोरी, माझीच गोष्ट हाय. पर इज्जतीनं लिव्हलीस बघ.”

उतरायचं सोडा, छातीवरचा दगड दुप्पट झाला. त्या फोननंतर मला एका जागी बसवेना. कंपनीत मी प्रत्येक नग मोजायला लागले, दोन-दोनदा. पोरी हसायच्या, म्हणायच्या, ताईला प्रमोशन पाहिजे.

मग थंडी ओसरत आली तेव्हा मामांचा पुन्हा फोन. चिंचवडला एका ग्रंथालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एका मोठ्या लेखिकेचं कथावाचन होतं, नंतर ‘कथा कशी लिहावी’ यावर गप्पा. मामांनी ते पेपरात वाचलं होतं. “तू यायचंस. नाटकं न्हाई करायची. मोठ्या मान्सांकडनं चार गोष्टी शिकाव्या.” मी म्हटलं, मामा, रविवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. म्हणाले, “रव्वारी कुठला दवाखाना गं?” पकडली गेले. खोटं बोलण्यात एवढी पटाईत मी, पण तोंडी जमत नाही.

ते बसनं भोसरीपर्यंत आले, तिथून मी त्यांना स्कूटीवर घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत नवे बूट, आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मी विचारलं, पिशवीत काय? “हाय जंमत,” एवढंच म्हणाले. सिग्नलला मी मागं वळून पाहिलं तर ते पिशवी छातीशी धरून बसलेले. पुढच्या सिग्नलला म्हणाले, “हिरवा झाला आसंल बघ.” समोर हिरवागार दिवा ढळढळीत दिसत होता, मागचे लोक हॉर्न मारत होते, आणि हा माणूस म्हणतो ‘आसंल’. तीन वर्षं हेच. आज रविवार आसंल. चहात साखर आसंल. मामी मला एकदा म्हणाली होती, “आता नळ बंद करून बी परत बघाया जात्यात.” मला त्या ‘आसंल’चा इतका राग यायचा, की वाटायचं खांदे धरून गदागदा हलवावं. आणि राग कुणाचा, हे मला चांगलं माहीत होतं.

हॉल अर्धा भरला होता. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचा कथेशी काडीचा संबंध नाही अशा दोन पाहुण्यांची भाषणं. माझा पाय नुसता हलत होता. पुढच्या खुर्चीवरच्या काकांनी दोनदा मागं वळून बघितलं. मी उठून पाणी पिऊन आले. फोन काढला, ठेवला. पुन्हा पाणी. मामा मात्र मन लावून ऐकत होते, पाहुण्यांचीसुद्धा भाषणं.

लेखिका साठीच्या पुढच्या, घसा बसलेला, तोंडात खोकल्याची गोळी. आल्या आल्या म्हणाल्या, “शाल काढून ठेवते हं, उकडतंय.” मला त्या तिथंच आवडल्या. त्यांनी कथा वाचली ती दोन बहिणींची. आई वारल्यावर दोघी भांडी वाटून घेतात आणि एक बहीण आईचा पितळी डबा गुपचूप आपल्या पिशवीत घालते. बस, एवढीच कथा. पण वाचून झाल्यावर हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग त्या गप्पा मारायला लागल्या. म्हणाल्या, “ही कथा मी अकरा वर्षं लिहीत होते. दर वेळी छान व्हायची आणि दर वेळी मेलेली. कारण डबा मी थोरल्या बहिणीच्या पिशवीत घालत होते. खरा डबा माझ्या स्वयंपाकघरात होता, त्यात मी पोहे ठेवते.” लोक हसले. त्या हसल्या नाहीत. “कथेत हवं तेवढं खोटं बोला. गाव बदला, बाईचा पुरुष करा, मेलेल्याला जिवंत करा. फक्त स्वतःच्या सोयीचं खोटं बोलू नका. वाचकाला ते कळेलच असं नाही. तो रडेलसुद्धा. पण तुम्हाला पुढं धड लिहिता येणार नाही.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. वाटलं, हिला कुणी सांगितलं? काय ही बाई! आणि पुन्हा वाटलं, असं कसं, माझी गोष्ट लोकांना आवडली, चार फोन आले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा माझा हात आपसूक वर गेला. माईक आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, “समजा, आपली चूक गोष्टीत दुसऱ्याच्या नावावर टाकली. आणि तरी गोष्ट चांगली झाली. लोकांना आवडली. तर मग?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “चांगली झाली ना? मग तुम्ही उभ्या का राहिलात?”

अख्खा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मामा हसले. “लई भारी बोलल्या,” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. मी मटकन खाली बसले. माईक माझ्याच हातात राहिला होता, कुणीतरी येऊन काढून घेतला.

एकच्या सुमाराला कार्यक्रम संपला आणि लोक पुस्तकांवर सह्या घ्यायला रांगेत लागले. मी चप्पल शोधून पळायच्या बेतात होते. मागं बघते तर मामा रांगेत उभे. पिशवीतून त्यांनी तो दिवाळी अंक काढला होता. जपून ठेवलेला, कव्हर घातलेला, माझ्या गोष्टीच्या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून. शेजारच्या बाईंना सांगत होते, “ही आमची पोरगी. हिनं माझी चूक लिव्हलीय ह्यात. म्याडमला दाखवतो, म्हंजी हिला पुढं काय सल्ला देतील.”

‘माझी चूक.’ कुणा परक्या बाईला, हसतमुखानं. रांगेत त्यांच्यापुढं चारच माणसं होती.

मी जाऊन त्यांचा दंडच धरला. “मामा, चला.”

“आगं, नंबर आला की माझा.”

“नको. चला तुम्ही. चहा पिऊ.”

“आसं काय करतीस येड्यागत?”

ओढतच बाहेर आणलं. लोक बघत होते, बघू देत. समोर टपरी होती, बाकड्यावर बसवलं आणि दोन चहा सांगितले. ते खरंच चिडले होते. अंक पुन्हा पिशवीत घालत म्हणाले, “लाज वाटती व्हय तुला माझ्यासंगं?”

मग मी सांगितलं. घडलं तसंच, पण मागंपुढं, तुटक. की मी त्या दिवशी नऊपासून मोजलंच नव्हतं. की सगळे घरचे आकडे होते. की मी गोष्ट लिहीत होते. की तो तेलकट अंगठा मी मुद्दाम उमटवला होता. माझा आवाज चढत गेला, टपरीवाला बघायला लागला. शेवटी पर्समधून रुमाल काढला. नग तीन वर्षं त्या रुमालात होता, मी पर्स बदलली की तोही नव्या पर्समध्ये जायचा. “हा तुमचा नग आहे. दहा वाजताचा. मी नंतर मोजला. पॉइंट झिरो सिक्स. तुमची पिन बरोबर होती मामा. तुमचा हात बरोबर होता.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नग घेतला. खिशातून बॉलपेन काढून, टोपणासकट आत घालून बघितलं, त्यातून काय कळणार होतं? पण घातलं. काढलं. पुन्हा घातलं.

“तीन वर्सं,” ते म्हणाले. “तीन वर्सं मी कुलूप लावून परत जातो गं बघायला. पोरगा म्हनतो, पप्पा तुमचं डोकं फिरलं. मला वाटलं, फिरलं आसंल.” त्यांनी नग मुठीत धरला. “आन तू माझ्यासमोर डबा खात व्हतीस.”

“हो.”

“भाजी वाडायचीस मला.”

“हो मामा.”

“आन वरनं गोष्ट बी लिव्हलीस.”

मी रडायला लागले. ते तसेच बसून राहिले, मला गप्प करायला आले नाहीत. एरवी आले असते.

मग त्यांनी पिशवीतून कार्यक्रमाची पत्रिका काढली, तिची कोरी बाजू वर केली आणि ते बॉलपेन माझ्यापुढं धरलं. “लिव्ह.”

“काय?”

“ह्येच. आत्ता बोललीस त्ये. गोष्ट न्हाई. शीट भरतीस तसं, सरळ. नाव टाक, सही कर.”

“कंपनीत देणार?” माझ्या तोंडून गेलंच. एवढं रडून झाल्यावरही पहिला प्रश्न माझ्या नोकरीचाच.

“त्ये माझं मी बघीन. तुला सांगून करनार न्हाई.” असं ते मला कधीच बोलले नव्हते. मला तो आवाज ओळखीचा नव्हता.

मी लिहिलं. आठ ओळी झाल्या. खाडाखोड एकही नाही. आजवर एवढं धड मी काहीच लिहिलं नव्हतं. सही केली, त्यांच्याकडं दिलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि परत माझ्यापुढं ठेवलं. “वेळ न्हाई टाकली.”

मी दीड लिहायला पेन टेकवलं. सवय. दीड, म्हणजे साधारण. मग पेन उचललं आणि घड्याळात बघितलं. एक वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. तसं लिहिलं.

कागदाची घडी घालून त्यांनी वरच्या खिशात ठेवली, नग पँटच्या खिशात. तो कागद अजून त्यांच्याकडंच आहे. सोमवार आला की साहेबांच्या केबिनचं दार वाजलं तरी मी दचकून वर बघते, आणि पुन्हा मोजायला लागते.

त्या दिवशी टपरीवर चहा निवून गेला होता. तरी त्यांनी ग्लास उचलला, आणि तोंडाला लावायच्या आधी थांबले. काठावरून बोट फिरवलं. ग्लास पुढं करून टपरीवाल्याला म्हणाले, “ह्यो बाजूला काढ, भावा. टवका उडालाय. कुनाचा तरी ओठ कापंल.”

त्यानं चहा ओतून टाकला आणि ग्लास उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला. मीही वाकून बघितलं. काही दिसेना.

“कुठंय काका? चांगला तर आहे.”

मामा उभे राहिले. पिशवी काखेला मारली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, “हाय.”